वारणाकाठची मळी ढासळतेय: दगड टाकावा, वाळा लावावा की दोन्ही?

मळीचं_रान:

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमचं रान वारणेच्या काठाला आहे, वाळवा तालुक्याच्या अंगाला, आणि नदी जिथं वळते तिथं बरोबर वळणाच्या बाहेरच्या बाजूला. पावणेदोन एकर मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, सासऱ्यांच्या वडलांपासून कसतोय. सातबाऱ्यावर अजून तेवढीच दिसते पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात मिळून ९ गुंठे नदीत गेलंय. समोरच्या काठाला मात्र दरवर्षी गाळ साठून रान पुढं सरकतंय.

मला एक गोष्ट अजून कळली नाही. पूर चढत होता तेव्हा काठाला काहीच झालं नाही. ऊस बुडाला, मोटर गेली, पण काठ जागेवर होता. पाणी उतरलं, ऊन पडलं, आता सुटलो म्हणून आम्ही घरी परत आलो आणि तिसऱ्या दिवशी रात्री दोनच्या सुमाराला धप्प असा आवाज आला, म्हैस पडावी तसा. सकाळी जाऊन बघितलं तर जांभळाचं झाड मुळांसकट खाली पाण्यात आडवं, त्याच्याबरोबर उसाच्या चार सऱ्या. सासरे तिथंच खाली बसले. ते जांभूळ त्यांनी लहानपणी लावलेलं.

आता दिवाळी झाल्यावर बघितलं तर काठापासून सहा पावलांवर काठाला समांतर नवीन भेग पडलीय. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, वरची माती वाळून खडखडीत आणि आतली गार, ओली. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ते सहा पावलांचं रान जाणार हे उघड आहे.

काठ अडीचशे फूट लांब (८० मीटर धरा), उन्हाळ्यातल्या पाण्यापासून वर २० फूट उंच आणि जवळजवळ उभा आहे. कोण म्हणतं सिमेंटची भिंत बांधा, कोण म्हणतं बांबू लावा, कोण म्हणतं बेशरम लावा ती कुठंबी येते. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी कृपा करून सांगा. पैसे फार नाहीत पण रान वाचवायचंय.

कृष्णाकाठचा_गडी:

ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं, आमचंबी तेच झालंय. आम्ही बांबू लावला होता, अगदी कडेला, एका रांगेत, छान बेटं झाली चार वर्षांत आणि आम्हाला वाटलं झालं काम. पण बांबूची मुळं वरच्या तीन-चार फुटांतच जाळं करतात, खाली नाही जात. पाण्यानं खालून माती काढली आणि अख्खं बेट वरची माती कवटाळून एका रात्रीत खाली गेलं. बांबू वाईट नाही, पण कडेला नको, आत पंधरा-वीस फुटांवर लावा.

भिंतीचं पण सांगतो. आमच्या शेजारच्या गावात मंजूर होऊन काँक्रीटची भिंत झाली होती, बघायला भक्कम. २०२१ चं पाणी ओसरताना ती नदीकडं झुकली आणि फुटली. तिला पाणी बाहेर पडायला भोकंच ठेवली नव्हती. भिंत कुणी बांधली त्यात मी जात नाही, पण तेवढ्या पैशात निम्म्या गावाचा काठ झाला असता याचं वाईट वाटतं.

आणि बेशरम तर अजिबात लावू नका. फांदी टाकली तिथं रुजते हे खरं, पण मग ती पात्रात शिरते, पाणी तुंबवते आणि एकदा झाली की काढता काढता जन्म जातो.

निवृत्त_उपअभियंता:

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. पाणी ओसरल्यावर काठ का पडतो? पूर असताना काठाची माती पाणी पिऊन फुगलेली असते, जड झालेली असते, पण समोरून नदीच्या पाण्याचा दाब तिला धरून ठेवतो. नदी भराभर उतरली की तो आधार जातो आणि मातीतलं पाणी काही तेवढ्या लवकर निथळत नाही, काळ्या मातीत तर नाहीच. मग आतलं पाणी आणि मातीचं वजन दोन्ही मिळून बाहेर ढकलतात. शेजारच्या गावातली भिंत गेली ती याच कारणानं. खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर तिथले बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) एकदम काढल्यावर छोट्या प्रमाणात हेच होतं, ते पण लक्ष ठेवून बघा.

हे झालं वरचं. पण मूळ दुखणं खाली आहे, पायथ्याला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात असते आणि ती तळाशी खणते, म्हणून तुमच्याकडं डोह आणि समोर गाळ. पायथा खणला गेला की वरचा काठ अधांतरी. त्यामुळं नुसती झाडं लावून भागणार नाही, कारण पाण्याखाली कुठलंच झाड उगवत नाही, आणि नुसता दगड वरपर्यंत चढवला तर खर्च परवडणार नाही आणि वरच्या मातीला धरणारं कुणी राहणार नाही. खाली दगड, वर मुळं, याच्याशिवाय मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर खालचे २ मीटर दगडात घेतले असते, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्या, खालचा थर २ मीटर रुंद आणि त्याच्यावर १ मीटर रुंद, पायरीसारखे. ८० मीटरला २४० घनमीटर होतात, म्हणजे सुमारे ८५ ब्रास दगड. दगड खाणीचा काळा, टणक घ्या, जाळीच्या भोकापेक्षा मोठा, १५ ते २५ सेंटीमीटरचा, आणि हातानं रचून भरा, नुसता डंपरमधून ओतला की पोकळ्या राहतात आणि पेटी पोट काढते. नदीतले गोटे उचलू नका, ते गोल असतात, धरत नाहीत आणि तो तळच तुम्हाला वाचवतोय.

तीन गोष्टींत लोक चुकतात. पेटीच्या मागं गाळणीचा थर घालत नाहीत, जिओटेक्स्टाइलचं कापड किंवा वाळू आणि बारीक खडीचा थर, मग दगडांच्या फटीतून मागची माती हळूहळू धुऊन जाते आणि दोन वर्षांनी पेट्यांच्या मागं पोकळी सापडते. पायथ्यापुढं नदीच्या तळावर दगड अंथरत नाहीत. हा अंथरलेला दगड फार मोलाचा, कारण धारेनं पुढचा तळ खणला की तो आपोआप घसरून खड्ड्यात बसतो आणि पायाला पांघरूण होतो, म्हणून जेवढी खोल खरड अपेक्षित असेल तिच्या साधारण दीडपट लांब अंथरायचा. आणि दोन्ही टोकं काठात आतपर्यंत वळवून घेत नाहीत, मग पाणी टोकाकडून मागं शिरतं आणि सगळं काम एकटं नदीत उभं राहतं.

वरच्या ४ मीटरला उतार द्यावाच लागेल, एकास दीड. उभ्या काठावर काहीही लावलं तरी टिकणार नाही.

मळीचं_रान:

काका, खूप खूप आभार, एवढं सविस्तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पण उतार द्यायचा म्हणजे माझंच रान कापायचं ना? ४ मीटरला दीडपट म्हणजे ६ मीटर आत, गुणिले ८० मीटर, ४८० चौरस मीटर, पावणेपाच गुंठे होतात. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले नदीनं ९ गुंठे नेलं आणि आता तू आपल्या हातानं पाच द्यायला निघालीस. मला पुढं बोलताच आलं नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडं उन्हाळ्यात बंधाऱ्याला बर्गे घातलेले असतात त्यामुळं पायथा उघडा पडतच नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं ते पण आठ-दहा दिवस, मग परत वरून सोडलं की भरतं. त्या पाण्यात पेट्या कशा बांधायच्या?

राजू_डंपरवाला:

ताई एवढं कशाला, शहरात बांधकामाचा राडारोडा फुकट मिळतो, विटा सिमेंट फरशी, शंभर गाड्या आणून ओता काठावर. आमच्याकडं बऱ्याच जणांनी केलंय.

निवृत्त_उपअभियंता:

राजूभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण राग मानू नका, हे करू नये. विटांचे तुकडे हलके, पहिल्या पुरात वाहून खालच्या कुणाच्या तरी पंपात जातात. शिवाय काठाच्या डोक्यावर वजन वाढवलं की आधीच भेगाळलेला काठ लवकर पडतो. नदीपात्रात भराव टाकणं बेकायदा आहे ते वेगळंच, निळ्या पूररेषेच्या आत (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा) काहीही करायचं तर जलसंपदा विभागाला विचारूनच करायचं. ताई, तुमचं दगडाचं काम पण परवानगी घेऊनच करा. पात्र सरकारचं आहे, आणि तुम्ही पात्रात फार पुढं आलात तर धार समोरच्या काठावर जाऊन आदळेल. समोरच्यांना विश्वासात घेऊन ग्रामपंचायतीचा ठराव जोडून अर्ज द्या, एकट्यानं दिलेल्या अर्जापेक्षा तो लवकर हलतो हे मी टेबलाच्या पलीकडं बसून बघितलंय.

पाण्याचं म्हणाल तर पाणी उतरत नसेल तिथं पेट्या बांधायचा हट्ट धरू नका. पाण्याखालच्या भागात मोठा सुटा दगड पोकलेननं काठावरून सोडायचा, एका माणसाला उचलणार नाही एवढा, ३०-४० सेंटीमीटरचा, आणि तो पाण्याच्या वर फूटभर आला की त्याच्यावर पेट्या. सुटा दगड खाली खचला तर वरून भर घालता येते, तोच त्याचा फायदा.

पावणेपाच गुंठ्यांचं दुःख मला कळतं. पण ती भेग सहा पावलांवर आहे ना? म्हणजे ते रान तुमच्या हातात आजच नाही. तुम्ही कापलंत तर कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवाल, आणि ती माती वाया जात नाही, वरच्या कसदार थराचे ढीग लावून ठेवा आणि उरलेल्या रानात पसरा. सासऱ्यांना काठावर नेऊन त्यांचा हात त्या भेगेत घालायला लावा.

निर्गुडी_आणि_करंज:

आता झाडांचं मी सांगते, वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत नदीकाठच फिरत असते.

उतारावर वाळा लावा. तोच वाळा ज्याचे पडदे आणि माठात टाकायच्या जुड्या असतात. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या मातीत दोन-तीन वर्षांत ३ मीटरपर्यंत, आणि पूर गेला की पानं लोळलेली असली तरी बुंधा जागेवर असतो. ठोंब १५ सेंटीमीटरवर एक, काठाला समांतर रांगेत, उभ्या उंचीत दर मीटरला एक रांग. म्हणजे तुमच्या ४ मीटरला ४ रांगा, एका रांगेत ५३३ ठोंब, चारींचे २,१३० च्या आसपास, मर धरून २,३५० आणा. दक्षिणेकडचा, बी न धरणारा वाळा मागून घ्या म्हणजे तो रानात पसरणार नाही. एक लक्षात ठेवा, वाळ्याला ऊन लागतं, मोठ्या झाडाच्या सावलीत तो विरळ होतो आणि मग रांगेत खिंडारं पडतात. पाणी नेमकं तिथूनच घुसतं.

दोन रांगांच्या मध्ये आणि पेट्यांच्या फटीत वाळुंज आणि निर्गुडीच्या काठ्या ठोका. वाळुंज म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठानं असतो तो, पानाची खालची बाजू पांढुरकी. अंगठ्याएवढ्या जाड, दोन-अडीच फुटांच्या काठ्या, खालचं टोक तिरपं कापायचं, वरचं सपाट, कापल्यावर त्याच दिवशी लावायच्या आणि तोवर पाण्यात उभ्या ठेवायच्या. दोन तृतीयांश काठी जमिनीत गेली पाहिजे. आधी पहारीनं भोक पाडा, नाहीतर ठोकताना साल सोलते आणि ती रुजत नाही. मी पहिल्या वर्षी पन्नास काठ्या सरळ ठोकल्या होत्या आणि त्यातल्या सातच फुटल्या. अगदी पाण्याजवळ दगडांत शेरणी लावा, ती पुरात आडवी होते आणि परत उठते, लवचीक फांद्या आणि दगडाला धरणारी मुळं, नदीच्या खडकाळ पात्रातलंच झुडूप आहे ते.

करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन हे सगळे वर, माथ्यापासून मागं. तुमचं जांभूळ पडलं त्याचा दोष झाडाला नाही हो. मोठं झाड कडेला उभं असलं आणि खालून पायथा गेला की त्याचंच वजन तरफेसारखं काठ उचकटतं. सासऱ्यांना सांगा, नवीन जांभूळ मागं वीस फुटांवर लावू, ते त्यांच्या पणतवंडांना पुरेल.

मुळं धरेपर्यंत उतारावर काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्या मारा, दोन-तीन वर्षांत ती कुजून मातीत जाते तोवर वाळ्यानं ताबा घेतलेला असतो. आणि उसाला पाट पाणी देत असाल तर काठाजवळचा पट्टा तरी ठिबकवर न्या, तुम्ही वरून पाणी पाजताय आणि तेच भेगेतून उतरून काठ जड करतंय.

अजून एक, मनापासून सांगते. कृष्णा-वारणेच्या काठानं मगरी आहेत, फेब्रुवारी ते एप्रिल त्या काठावरच्या मातीत अंडी घालतात. उतार कापायच्या आधी वनविभागाच्या माणसाला एकदा काठ दाखवा. आणि उभ्या काठात भोकं दिसली तर ती खंड्याची किंवा वेडा राघूची घरं असतील, जिथं काठ पडत नाही असा तुकडा त्यांच्यासाठी तसाच उभा सोडलात तर फार बरं वाटेल.

डच_मिरजकर:

मी मूळचा मिरजेचा, बारा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, पाण्याच्याच कामात. ताईंचं वाचलं आणि राहवलं नाही. इथले लोक शेकडो वर्षं हेच करत आलेत, विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचाच भाऊ, त्याच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून मोठमोठ्या चटया विणायच्या, त्या पाण्यावर तरंगत न्यायच्या आणि वरून दगड टाकून तळाशी बुडवायच्या. फांद्यांची चटई माती धरते, दगड चटईला धरतो. पाण्याखाली ते लाकूड कुजत पण नाही लवकर. तुमचा पायथा पाण्यातच राहतो म्हणताय तर काकांच्या सुट्या दगडाखाली अशा काटक्यांच्या मोळ्यांचा थर देता येईल का ते काकांनीच सांगावं, कापड अंथरणं पाण्यात अवघड जातं म्हणून सुचवतोय.

आणि इथं आता एवढं सगळं करून सुद्धा काही ठिकाणी नदीला जागा सोडतायत. नायमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागं घेतला आणि शेजारून नवा प्रवाह खोदला, त्यासाठी घरं हलवली. ताईंनी पाच गुंठे द्यायचे म्हणजे काय हे मला कळतं, पण जे देतायत ते हरून देत नाहीयेत एवढंच सांगायचं होतं.

निवृत्त_उपअभियंता:

डच मिरजकर, कल्पना चांगली आहे. आपल्याकडं जुन्या लोकांनी काटेरी झाडोऱ्यावर दगड दाबून बंधारे घातलेत, तत्त्व तेच. मोळ्या घट्ट बांधून, आडव्या-उभ्या दोन थरांत, प्रत्येक मोळीला दगड बांधून सोडल्या तर चालेल. फक्त तारेनं बांधा, सुतळी सुटते.

कृष्णाकाठचा_गडी:

ताई, वर कुठं वाळू उपसा चालू आहे का ते पण बघा. आमच्याकडं डोहाच्या वर रात्रीचा उपसा चालायचा, तळ खोल गेला की कितीही दगड टाका तो खाली बसतच जातो. तक्रार एकट्यानं करू नका, गावानं मिळून करा.

मळीचं_रान:

आज रविवार होता म्हणून सासऱ्यांना काठावर घेऊन गेले. काका म्हणाले तसं मी त्यांना भेगेत हात घालायला सांगितला. त्यांनी हात घातला, बराच वेळ तसेच बसले, मग हात बाहेर काढून ओली माती चोळत म्हणाले हे तर गेलेलंच आहे, काप. समोरच्या काठाचे अण्णा पण आले होते, त्यांना सगळं दाखवलं, ते ठरावावर सही द्यायला तयार झाले, फक्त म्हणाले तुमचा दगड पाण्यात पुढं येता कामा नये, ते बरोबरच आहे त्यांचं.

एकदम ८० मीटर जमणार नाही. या वर्षी भेग आहे तो ३० मीटरचा तुकडा करायचा, बाकीचा पुढच्या वर्षी. अर्ज या आठवड्यात देतोय. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या मारून मधलं अंतर आज मोजून ठेवलंय, १४ इंच. निर्गुडीताई, उतार फेब्रुवारीत झाला तर वाळा लगेच लावू का पावसाची वाट बघू? आणि ३० मीटरला ठोंब किती लागतील?

निर्गुडी_आणि_करंज:

लगेच लावा. पावसाची वाट बघितली तर जूनमध्ये लावलेला ठोंब जुलै-ऑगस्टच्या पुरात उपटून जाईल. फेब्रुवारीत लावून ठिबकवर जगवला तर पुरापर्यंत पाच महिन्यांची मुळं होतात. ३० मीटरच्या एका रांगेला २००, चार रांगांना ८००, मर धरून ९०० आणा. लावताना पानं वीतभर ठेवून कापा. राहिलेल्या ५० मीटरचे ठोंब विकत घेऊ नका, दीडशे ठोंब जास्तीचे आणून विहिरीजवळ वाफ्यात लावा, एकाचे पुढच्या हिवाळ्यापर्यंत दहा-पंधरा होतात. खुंट्यांचं अंतर दर आठवड्याला मोजून इथं टाकत जा.

मळीचं_रान:

टाकते. आज १४ इंच.